फाउंड्रीसाठी एकच रिपोर्टिंग प्लॅटफॉर्म : टनाचा हिशेब जुळू लागला

मागच्या नोंदीत टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून व्हाउचर, म्हणजे व्यवहारांच्या नोंदी, बाहेर काढण्यापर्यंत आलो होतो. आता चारही ठिकाणची माहिती रोज एका पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये उतरते आणि पहिले तीन अहवाल मामांच्या फाउंड्रीत सकाळच्या चहाबरोबर उघडले जातात. या टप्प्यात जे ठरलं आणि जे अजून ठरायचंय, ते इथे मांडतो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात : फाउंड्री कोल्हापूरजवळच्या एमआयडीसीत आहे, ग्रे आयर्न आणि एस.जी. आयर्न या दोन जातींच्या ओतीव लोखंडाची कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेले भाग, करते. विक्री-खरेदी ईआरपीनेक्स्ट या सॉफ्टवेअरवर चालते. हिशेब टॅलीवर, कारण सी.ए.ना तोच लागतो. कुठली हीट (वितळलेल्या लोखंडाची एक खेप) कधी ओतली, किती मोल्ड (वाळूचे साचे) भरले, किती नग बाद झाले ही उत्पादनाची नोंद व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहिलेल्या एका जुन्या ॲप्लिकेशनमध्ये होते, खाली एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस हा डेटाबेस. हजेरी बोटाच्या ठशाच्या मशीनवर. प्रत्येकाचे स्वतःचे रिपोर्ट आहेत आणि आपापल्या जागी ते बरोबर आहेत. पण ‘गेल्या महिन्यात एका टनामागे आपला किती खर्च झाला?’ असं मामांनी विचारलं की चार विभागांच्या चार एक्सेल फायली टेबलावर यायच्या आणि चारही आकडे वेगळे असायचे. माझी नोकरी वेगळ्याच क्षेत्रातली. हे काम संध्याकाळी आणि रविवारी, निव्वळ आवडीचं.

सगळ्यात जास्त वेळ टनाने घेतला, आणि तो सत्कारणी लागला असं माझं ठाम मत आहे.

भट्टीवरच्या माणसासाठी टन म्हणजे ओतलेला रस, वितळलेलं लोखंड. फेटलिंगमध्ये (सफाई विभागात) रनर-रायझर, म्हणजे रस आत नेणाऱ्या वाटांत गोठलेलं जादा लोखंड, तोडून कास्टिंग साफ झालं की त्यांच्या लेखी टन म्हणजे साफ मालाचं वजन. डिस्पॅचवाले फक्त पास झालेला आणि गाडीत चढलेला माल मोजतात. ईआरपीनेक्स्टमध्ये तर वजनच नाही, तिथे नग आहेत. काही ग्राहकांना दर नगावर, काहींना किलोवर. समजा १००० किलो रस ओतला आणि त्यातून चांगलं कास्टिंग ६०० किलो निघालं. उरलेल्यातला बराचसा भाग रनर-रायझर म्हणून परत भट्टीत जातो. आता विजेचा खर्च १००० ने भागायचा की ६०० ने? दोन्ही आकडे कामाचे आहेत. भट्टी कशी चालली हे पहिला सांगतो, ग्राहकाला दर काय द्यायचा हे दुसरा. घोळ होतो तो दोघांनाही नुसतं ‘पर टन’ म्हटल्यामुळे.

म्हणून तीन मापं वेगळी केली : ओतलेला टन, चांगला टन, विकलेला टन. तिन्हींची व्याख्या पोस्टग्रेसमधल्या एकेका व्ह्यूमध्ये, म्हणजे साठवून ठेवलेल्या क्वेरीत, आहे. कुठलाही अहवाल स्वतःच्या पोटात वजनाचा गुणाकार करत नाही, या तीन व्ह्यूंकडूनच आकडा घेतो. उद्या कोणाला व्याख्या पटली नाही तर ती एका जागी बदलेल आणि सगळ्या अहवालांत एकदम बदलेल.

नगाचं वजन करायला मालाचं एक सामाईक कोष्टक लागलं. त्याची चावी पॅटर्नचा (साचा ज्यावरून घडवतात त्या नमुन्याचा) नंबर, कारण ईआरपीनेक्स्टचा आयटम कोड, ग्राहकाचा पार्ट नंबर आणि उत्पादनातलं बोलीतलं नाव या तिघांना बांधणारी तीच एक गोष्ट आहे. प्रत्येक पॅटर्नला दोन वजनं ठेवली, ओतल्यावरचं आणि मशीनिंगनंतरचं, आणि प्रत्येक वजनाला ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशी मुदत. पॅटर्नमध्ये सुधारणा झाली की नगाचं वजन बदलतं. मुदत नसेल तर आजच्या वजनाने गेल्या वर्षीचे टन नव्याने मोजले जातात आणि जुने अहवाल गुपचूप बदलतात. डेटा वेअरहाउसवाले याला ‘टाइप टू’ म्हणतात. हे कोष्टक भरलं फाउंड्रीतल्या पॅटर्न शॉपच्या काकांनी. कुठला पॅटर्न बंद झाला, कुठला दुसऱ्या नावाने चालू आहे हे त्यांना तोंडपाठ होतं, आणि ते ज्ञान पहिल्यांदाच कुठेतरी लिहून ठेवलं गेलं.

रिजेक्शनचा पेच याच जातीचा, पण त्यात तारखेची भर. ब्लो होल (वायूने पडलेलं छिद्र) किंवा कोल्ड शट (रस नीट न जुळल्याची रेघ) फेटलिंगमध्येच दिसतं. आतलं श्रिंकेज (गोठताना आकसून राहिलेली पोकळी) मात्र ग्राहकाच्या मशीन शॉपमध्ये टूल फिरल्यावर उघडं पडतं, तोवर काही आठवडे गेलेले असतात. तो परत आलेला माल कुठल्या महिन्यात धरायचा? हिशेबाला तो क्रेडिट नोटच्या तारखेलाच धरावा लागतो. उत्पादनाला मात्र तो ज्या हीटमधून आला त्या हीटच्या तारखेला धरल्याशिवाय उपयोग नाही, नाहीतर मार्चच्या वाळूचा दोष मेच्या पाळीवर जातो. सुपरवायझर दादांनी पहिल्या भेटीतच सांगितलं होतं, “माझ्या पाळीचं तेवढंच माझ्या नावावर टाका, बाकीचं न्हाई.” त्यांचं म्हणणं शंभर टक्के रास्त होतं. कास्टिंगवर हीट कोड उठवलेला असतोच. परत आलेल्या मालाच्या नोंदीत तो कोड भरणं आता सक्तीचं केलंय. त्यामुळे एकाच रिजेक्शनला दोन तारखा मिळाल्या आणि अहवालाच्या मथळ्यातच लिहिलंय की हा ‘ओतल्याच्या तारखेने’ आहे की ‘परतीच्या तारखेने’.

तारखेबद्दल आणखी एक. तिसरी पाळी रात्री अकरा ते सकाळी सात, म्हणजे मध्यरात्र तिच्या पोटात. रात्री दोनच्या हीटला कॅलेंडर दुसरा दिवस म्हणतं, फाउंड्री आदल्या दिवसाचीच तिसरी पाळी म्हणते. हीटच्या वेळेतून सात तास वजा करून मग तारीख काढली की फाउंड्रीचा दिवस मिळतो. साधी युक्ती, पण तीही एकाच व्ह्यूमध्ये राहू द्या.

ग्राहक जुळवणं त्या मानाने सोपं गेलं, आणि त्याचं श्रेय जीएसटीला. टॅलीतलं लेजरचं (खात्याचं) नाव आणि ईआरपीनेक्स्टमधलं ग्राहकाचं नाव स्पेलिंगने कधीच जुळत नाही. जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) मात्र दोन्हीकडे असतो आणि त्याची १५ अक्षरं ठरलेल्या रचनेची आहेत : पहिले दोन आकडे राज्याचे (महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, गोवा ३०), पुढची दहा अक्षरं पॅनची, तेरावं त्याच राज्यातल्या त्याच पॅनवरच्या नोंदणीचा क्रम दाखवणारं, चौदावं बहुधा झेड आणि शेवटचं तपासणीचं. एकाच कंपनीचा एक प्लांट पुण्यात आणि दुसरा बेळगावात असेल तर जीएसटीआयएन दोन, पण आतला पॅन एकच. म्हणून ‘ग्राहक’ म्हणजे पॅन आणि ‘प्लांट’ म्हणजे जीएसटीआयएन असं ठरवलं. येणं किती बाकी हे ग्राहकावर पाहायचं, माल किती गेला हे प्लांटवर. शेवटचं तपासणीचं अक्षर उतरवून घेतानाच पडताळतो, टायपिंगची चूक तिथेच अडते.

आता टॅली. टॅलीचा एचटीटीपी सर्व्हर चालू केला की तो सहसा पोर्ट ९००० वर एक्सएमएल मागणी ऐकतो, इतपत मागे लिहिलं होतं. या टप्प्यात लक्षात ठेवण्यासारख्या गोष्टी अशा. एक, एक्सएमएलमध्ये मूळ गटांच्या जागी चार क्रमांकाचं कंट्रोल कॅरेक्टर येतं. एक्सएमएलच्या नियमात ते बसत नाही आणि पार्सर (एक्सएमएल वाचणारा प्रोग्राम) तिथेच थांबतो, म्हणून पार्स करण्याआधी ते गाळून टाकावं लागतं. दोन, नावेची रक्कम उणे आणि जमेची अधिक येते. ती उतरवतानाच आपल्या सवयीच्या चिन्हात फिरवून घ्या, पुढे प्रत्येक अहवालात फिरवत बसू नका. तीन, बदललेली व्हाउचर ‘ऑल्टर आयडी’वरून ओळखता येतात, कारण प्रत्येक बदलाला तो वाढतो, पण काढून टाकलेलं व्हाउचर त्यातून कळत नाही. त्यासाठी चालू आर्थिक वर्षातल्या सगळ्या व्हाउचरांच्या जीयूआयडींची (कायमच्या ओळख क्रमांकांची) यादी रोज मागवतो आणि आपल्याकडच्या यादीशी ताडतो. जे तिकडे नाही ते आपल्याकडे पुसत नाही, ‘काढलेलं’ अशी खूण करतो.

ईआरपीनेक्स्टने फारसा त्रास दिला नाही. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं हे सॉफ्टवेअर मुक्त स्रोत आहे, खाली मारियाडीबी डेटाबेस, कोष्टकं सरळ वाचता येतात. फक्त वाचण्याचे अधिकार असलेला वेगळा युजर काढला. डॉकस्टेटस शून्य म्हणजे मसुदा, एक म्हणजे सबमिट, दोन म्हणजे रद्द; त्यातल्या फक्त सबमिट झालेल्या नोंदी घ्यायच्या. रोजचा बदल ‘मॉडिफाइड’ वेळेवरून उचलतो, पण मागच्या खेपेच्या थोडं आधीपासून, कारण उशिरा कमिट झालेल्या नोंदीवर आधीची वेळ असू शकते. त्याच नोंदी पुन्हा आल्या तरी चावीवर अपसर्ट होतो (असेल तर बदल, नसेल तर भर), दुबार होत नाहीत.

हजेरीतून फक्त विभागवार तास घेतले. माणसांची नावं या प्लॅटफॉर्मवर आणणार नाही, हे मामांशी पहिल्याच दिवशी बोलून घेतलं होतं.

वीज हा माझा सगळ्यात लाडका भाग. इंडक्शन (विजेवरची) भट्टी चालवणाऱ्या फाउंड्रीत वीज हा मोठा खर्च, त्यामुळे टनामागे युनिट किती लागली याकडे सगळ्यांचं लक्ष. भट्टीच्या पॅनेलवरचा मीटर किलोवॉट-तास दाखवतो आणि हीटच्या नोंदीत तोच आकडा येतो. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांचं बिल मात्र १ एप्रिल २०२० पासून केव्हीए-तासावर होतं. या दोन मापांचं प्रमाण म्हणजे पॉवर फॅक्टर. तो ०.९८ असेल तर ९८ किलोवॉट-तासांचे बिलात १०० केव्हीए-तास होतात. शिवाय बिलात कॉम्प्रेसर, सँड प्लांट, ऑफिस सगळंच. भट्टीचा अहवाल आणि बिल कधीच का जुळत नाहीत यावर फाउंड्रीत वर्षानुवर्षं वाद होते. आता दोन्ही मापं शेजारी-शेजारी आहेत, मधला फरक पॉवर फॅक्टर आणि इतर भार अशा दोन तुकड्यांत फोडून दाखवला आहे. पॉवर फॅक्टर ढासळला तर तो त्या तुकड्यात लगेच दिसतो. मेंटेनन्सच्या माणसाने स्वतःहून हा अहवाल मागितला, याचा मला फार आनंद झाला.

ताळमेळ. रोज सकाळी सातनंतर, म्हणजे तिसरी पाळी संपून माहिती उतरली की, ईआरपीनेक्स्टमधली महिन्याची करपूर्व विक्री आणि टॅलीच्या सेल्स अकाउंट्स गटाची बेरीज समोरासमोर ठेवली जाते. फरक असला की त्याचं कारण शोधणारी क्वेरी चालते : एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही असं बिल, वेगळ्या लेजरमध्ये गेलेलं गाडीभाडं, तारीख बदललेली क्रेडिट नोट, राउंड ऑफ. जॉबवर्कला चलनाने गेलेला माल विक्री नाही, तो आधीच बाजूला काढलेला असतो. कारण सापडलं नाही तर उरलेली रक्कम अहवालाच्या माथ्यावर लाल अक्षरात छापली जाते. ती लपवावी असं सुरुवातीला काहींचं म्हणणं होतं. मी त्याला तयार झालो नाही. आकडा जुळत नसताना जुळल्यासारखा दाखवणारा अहवाल लोक एकदाच वापरतात. त्या लाल रकमेशेजारी प्रत्येक ॲप्लिकेशनची माहिती किती वाजेपर्यंतची आहे हेही लिहिलेलं असतं.

अहवाल पडद्यावर दाखवण्यासाठी आधी मेटाबेस हे सॉफ्टवेअर लावलं होतं. बसवायला सोपं, दिसायला छान, ऑफिसातल्या माणसांना पटकन कळलं. पण विक्रीच्या माणसाने फक्त आपले ग्राहक पाहावेत असं हवं होतं, आणि ओळीगणिक मर्यादा मेटाबेसच्या मोफत आवृत्तीत नाही. पोस्टग्रेसची स्वतःची रो लेव्हल सिक्युरिटी (ओळीगणिक परवानगी) आहे, तरी मेटाबेस सगळ्यांसाठी एकाच डेटाबेस युजरने जोडलं जात असल्यामुळे ती माणसागणिक लागू होत नाही. म्हणून सुपरसेटवर आलो. एअरबीएनबीत २०१५ मध्ये सुरू झालेला आणि आता अपाची फाउंडेशनकडे असलेला हा प्रकल्प बसवायला जड आहे, पण भूमिकेनुसार ओळी गाळण्याची सोय त्यात मोफत आहे. दुसरं म्हणजे कॉन्फिगरेशनमधल्या, आकड्यांची मांडणी ठरवणाऱ्या डी-थ्री फॉरमॅटला तीन-दोन-दोन अशी गटवारी दिली की आकडे लाख-कोटींच्या स्वल्पविरामांनी दिसतात. मामा आता १२३४५६७ हा आकडा १२,३४,५६७ असा एका नजरेत वाचतात. ही मला फार महत्त्वाची गोष्ट वाटते. आपल्या सवयीचा आकडा दिसला की माणूस त्यावर प्रश्न विचारू लागतो.

पुढचं काम स्पेक्ट्रोमीटरचं, म्हणजे लोखंडातल्या घटकांचं प्रमाण मोजणाऱ्या मशीनचं. प्रत्येक हीटचे कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक आणि फॉस्फरस त्या मशीनच्या संगणकावर सीएसव्ही फायलीत पडतात, पण हीट नंबर हाताने टाइप होतो आणि त्यात कधी डॅश असतो, कधी नसतो. आधी तो नंबर उत्पादनाच्या ॲप्लिकेशनमधून निवडायची सोय करणार, मग ते रसायन हीटच्या रिजेक्शनशेजारी आणणार. एस.जी. आयर्नच्या हीटपासून सुरुवात करतोय, कारण तिथे मॅग्नेशियमचा अंशही पाहायचा आहे आणि श्रिंकेजच्या तक्रारीही तिथेच जास्त आहेत.