टाकी बाराच्या आत रिकामी

गुहागरचं आमचं घर वर्षातले दहा महिने बंद असायचं. वाळवी खाण्यापेक्षा पाहुणे राहिलेले बरे म्हणून तीन वर्षांपूर्वी दोन खोल्या एका ॲपवर टाकल्या. किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवली, कारभार पुण्यातून फोनवर सुरू केला. नवं बांधकाम नाही, एक झाड तोडलं नाही. निसर्गाच्या खात्यात पुण्यच जमा होतंय, अशी माझी समजूत.

पहिल्याच मे महिन्यात काकूंचा फोन. "अगो, हजार लिटरची टाकी बाराच्या आत रिकामी! आणि विहिरीचं पाणी मचूळ लागतंय."

पाहुणे सहाच होते. कोकणात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो खरा, पण जांभा तो धरून ठेवत नाही. शिवाय किनाऱ्यालगतच्या विहिरीत गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. पंप फार वेळ चालला की खालचं खारं वर चढतं. माड ते एक वेळ सोसतो, पोफळ नाही. म्हणजे आमच्याकडच्या लांबलचक आंघोळींची किंमत काकूंच्या पोफळी मोजणार होत्या.

मग माझे प्रयोग सुरू झाले. 'पाणी जपून वापरा' अशा पाट्या लावल्या, त्याही प्लास्टिकमध्ये मढवून! कुणी वाचल्या नाहीत. शॉवर काढून बादली-तांब्या ठेवला, तर "सोयी अपुऱ्या" म्हणून तीन तारे पडले. शॉवर परत बसवला, पण पाणी कमी सोडणारा. तो कुणाच्या लक्षातही आला नाही. रोज टॉवेल बदलणं बंद केलं, त्याचीही कुणी तक्रार केली नाही. एसीला वेगळा मीटर लावून युनिटमागे पैसे घ्यायचं मनात होतं, पण घरी आलेल्या माणसाला ते कसं सांगायचं? राहूनच गेलं.

बाटल्यांचं मात्र अजून जमलेलं नाही. माठातलं उकळलेलं पाणी देते, तरी लोक बाजारातून खोकं आणतात. रिकाम्या बाटल्या वाडीच्या टोकाला जाळल्या जातात, तो वास काकूंच्या ओटीवर येतो.

पुढच्या मे महिन्यात लॅपटॉप घेऊन मीच तिथे जाऊन राहिले. सकाळी रहाटावर पाणी काढत होते. ब्रश करत बाहेर आलेला ठाण्याचा एक मुलगा म्हणाला, "मी ओढू?" चार कळश्यांत त्याचे हात लाल झाले. त्या दिवशी बापाला आंघोळीला तोच ओरडत होता, "बाबा, बास!" टाकी संध्याकाळपर्यंत पुरली. एअरबीएनबी हे पाहुण्यांना खोल्या मिळवून देणारं ॲप सुरू करणाऱ्यांनी 2007 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पाहुण्यांसाठी हवेच्या गाद्या टाकल्या त्या स्वतः राहत होते त्याच घरात, हे मला तेव्हा आठवलं. मी पुण्यात बसून पाट्या छापत होते.

पण दर मे मला तिथे राहता येत नाही. म्हणून यंदा 10 मेपासून पाऊस लागेपर्यंत बुकिंगच बंद ठेवलंय. ऐन हंगामातले पैसे बुडतात, नवरा कुरकुरतो. काकू मात्र रोज सकाळी विहिरीचं पाणी चाखून फोन करतात. कालपर्यंत गोडं होतं.