पाणी लागेल का, ठाम सांगा

बोअर मारायच्या आधी शेतकऱ्याचा प्रश्न एकच असतो, विचारायची तऱ्हा तेवढी वेगळी. "सर, हातावर नारळ धरून पाणी शोधणारा आला, शेतातून एक चक्कर मारली आणि म्हणाला, इथंच, दीडशे फुटांवर, दोन इंची पाणी. तुम्ही मशीन लावून अर्धा दिवस घालवला आणि म्हणता 'शक्यता बरी आहे'. मग आम्ही विश्वास ठेवायचा कुणावर?" पाठोपाठ शेपूट येतं : "तुम्ही देवबिव मानता का?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

मी भूजलाचं सर्वेक्षण करतो, लातूर-धाराशिवकडच्या शेतांत. आधी माझ्याच मशीनची अब्रू काढतो. चार खुंट्या ठोकायच्या, बाहेरच्या दोन्हींतून जमिनीत वीज सोडायची, आतल्या दोन्हींमध्ये व्होल्टेज मोजायचं. खुंट्यांमधलं अंतर वाढवत नेलं की खालच्या खडकाचा अंदाज येतो. मशीनला पाणी दिसत नाही. वीज कुठं सहज जाते आणि कुठं अडते, एवढंच तिला कळतं. ओल्या मुरमातून वीज सहज जाते, पण ओल्या चिकणमातीतूनही जाते, आणि ती चिकणमाती बोअरला थेंब सोडत नाही. त्यात आपला काळा कातळ. त्याच्यात पाणी असतं ते फटींत, लाव्हाच्या एकावर एक बसलेल्या थरांच्या सांध्यात. सहा इंची बोअर त्या फटीच्या दोन हात बाजूनं निघून जाऊ शकतो. म्हणून 'शक्यता'.

आता पाणाडी, म्हणजे नारळ नाहीतर काडी घेऊन पाण्याची जागा सांगणारे. हे लोक खुळे नसतात. जुना पाणाडी शेतात शिरताना उंबर कुठं आहे, वारूळ कुठं आहे, ओढा कुठून वळतो हे बघत असतो. वराहमिहिरानं 6व्या शतकात बृहत्संहितेत झाडं आणि वारुळांवरून पाणी ओळखायचा अख्खा अध्याय लिहिलाय. त्यातलं सगळं खरं ठरेल असं नाही, पण तो निरीक्षणाचा रस्ता आहे, त्याला मी हसत नाही. काडीचं मात्र वेगळं. ताणून धरलेली काडी मनगट केसभर वळलं तरी झुकते, आणि आपण वळवलं हे धरणाऱ्यालाही कळत नाही. जर्मनीत म्युनिकजवळ 1987-88 साली याची परीक्षा झाली. एका कोठारात खालच्या मजल्यावर पाण्याचा पाइप सरकवायचा आणि वरच्या मजल्यावरून पाणाड्यानं जागा सांगायची. निवडक 43 जण, 843 प्रयत्न. प्रयोग करणाऱ्यांना त्यातले काही अस्सल वाटले. पुढं दुसऱ्या एका शास्त्रज्ञानं तेच आकडे उलगडून पाहिले, तर सगळा अंदाजपंचे कारभार.

मग गावात नाव कसं टिकतं? बरा पाऊस झाला असेल तर मुरमात थोडंफार पाणी पुष्कळ ठिकाणी लागतं, बोट कुणीही दाखवो. लागलेला बोअर दहा जणांना दाखवला जातो. फेल गेलेल्याच्या तोंडावर दगड बसतो आणि पुढच्या हंगामात शेजारून सोयाबीनची तास निघते. शिवाय कारण तयार असतं. बोअरच्या गाडीवाल्यानं जागा दोन फूट सरकवली, कुणाचा तरी विटाळ झाला, नाहीतर तुमचीच श्रद्धा कमी पडली. माझं भांडण इथं आहे. नारळाशी नाही. काहीही झालं तरी जो चुकत नाही, त्याच्याकडून पुढं शिकायचं काय?

पण शंका घेणं मला परवडतं, हेही खरं. पाणी लागो न लागो, माझी फी मिळते. शेतकऱ्यानं पैसे व्याजानं उचललेले असतात आणि बोअरची गाडी फुटावर पैसे घेते. त्याला 'सत्तर टक्के' सांगून काय होतं? सत्तर टक्के बोअर मारता येत नाही. एकतर मारायचा नाहीतर नाही. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या वर्षी ठाम बोलणाऱ्याच्या मागं माणसं गेली, त्यांना अडाणी म्हणायची माझी हिंमत नाही.

आणि धर्म म्हणजे खात्री, विज्ञान म्हणजे शंका, ही वाटणीही मला पटत नाही. आमच्याकडच्याच तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट घ्या. कीर्तनात सांगतात, काकांनी संतांच्या डोक्यावर थापटणं मारून मडकी तपासली आणि कच्चं निघालं ते नामदेवांचं. ज्यांच्याशी विठ्ठल बोलतो, तेच! मग नामदेव औंढा नागनाथला गेले, तर विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. पाय काढा म्हणाले, तर उत्तर आलं, देव नसेल तिथं तूच उचलून ठेव. देव अमुक ठिकाणीच आहे ही नामदेवांची खात्री तिथं मोडली, आणि संप्रदायानं ती गोष्ट लपवली नाही, सातशे वर्षं मिरवली.

उलट शास्त्राची खात्रीही आम्ही भोगली. दख्खनचं पठार स्थिर, म्हणून भूकंपाच्या नकाशावर किल्लारीचा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. 1992 साली तिथं हादरे जाणवले होते. 30 सप्टेंबर 1993ला, विसर्जनाची रात्र सरताना, पहाटे 3:56 वाजता धरणी हलली. दगड-मातीच्या भिंती आणि वरची जड माळवदं झोपलेल्यांवर आली, हजारो माणसं गेली. देव कोपला, असं पुष्कळांनी म्हटलं. त्या म्हणण्यात नंतर कधी बदल करावा लागला नाही, लागणारही नाही. नकाशा मात्र बदलला : 2002च्या नकाशात सगळ्यात खालचा पट्टाच काढून टाकला आणि लातूरचा भाग तिसऱ्या झोनमध्ये गेला. किल्लारीत 617 मीटर खोल बोअर घेऊन खालचा खडकही बघितला. तेरणा नदीवरच्या धरणाचा त्यात काही हात होता का, यावर शास्त्रज्ञांत वाद झाले.

राहिला देव. गाडी उभी राहिली की नारळ फुटतो, तेव्हा मी चपला काढून उभा असतो, खोबरंही खातो. त्या पूजेत कुणी फूट-इंच सांगत नाही. घरातली म्हातारी 'लागू दे रे बाबा' म्हणते. न लागण्याची भीती असते म्हणूनच म्हणते. तिच्याशी माझा काही वाद नाही. पण 'दीडशे फुटांवर दोन इंची' म्हणणाऱ्याकडं, तो नारळ घेऊन येवो की मशीन, एक वही मागा : किती जागा दाखवल्या, किती फेल गेल्या. माझी वही गाडीत असते. फेल गेलेले बोअर लाल शाईत आहेत, मोजून घ्या.