गिरणीच्या ड्रेनेजला लेखाशीर्ष मिळालं, त्याची गोष्ट

आमच्या चाळीतली ड्रेनेज लाइन बदलायला पैसे कुठून येतील, हे शोधण्यात माझं एक अख्खं आर्थिक वर्ष गेलं, आणि पुढच्यातलंही बरंच. मी पतसंस्थेत हिशेब लिहिणारा माणूस. शेजारीपाजारी यंत्रमागावर, बाया विडी वळायला. त्यामुळे कागद हातात आला की सगळे माझ्याकडे बघतात.

सोलापुरात अशा चाळी पुष्कळ. 1877 साली जुनी गिरणी सुरू झाली, पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू आल्या. कामगार हवेत म्हणून घरं आली, घरांसाठी गटारं आली. गिरण्या बंद पडल्या, घरं राहिली. आमची लाइन गिरणीनं टाकलेली. ती नेमकी कुणाची, हा प्रश्न गिरणीचा भोंगा थांबल्यावर कुणालाच पडला नव्हता. तो आम्हाला पहिल्या अर्जालाच पडला, कारण जी मत्ता महापालिकेच्या दप्तरी नाही, तिच्यावर सार्वजनिक पैसा खर्च कसा करायचा?

मग उतारे गोळा करायला लागलो. सिटी सर्व्हेच्या नकाशात आमचा बोळ ‘रस्ता’ म्हणून दाखवलेला सापडला. हा एक कागद सगळ्यात उपयोगी पडला. रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबांचे फोटो, जुन्या घरपट्टीच्या पावत्या हे जोडीला. कुणाला असं काम करायचं असेल, तर आधी मालकी शोधा, मागणी मागाहून करा. लोक उलटं करतात, मग वर्षभर अर्ज फिरत राहतो.

दुसरी अडचण पैशांची. ‘महापालिकेकडे पैसा नाही’ असं जो तो म्हणतो. खरं तर पैसा येतो, पण नाव लिहूनच येतो. पूर्वी जकात होती, गावात आलेल्या मालाचा कर गावाच्याच तिजोरीत. मग एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला. 1 ऑगस्ट 2015 पासून बहुतेक व्यापाऱ्यांचा तो सुटला. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला आणि हक्काच्या उत्पन्नाच्या जागी सरकारी अनुदानं बसली. घरपट्टी-पाणीपट्टीतून पगार, पेन्शन, वीजबिल भागवून भांडवली कामाला उरतं किती, हे कोणत्याही हिशेबनिसाला लगेच कळेल.

स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत, जानेवारी 2016 मध्ये, सोलापूरचं नाव आलं तेव्हा आमच्या बोळात पेढे वाटले होते. पण त्या योजनेतला मोठा खर्च निवडलेल्या भागासाठी, आणि आम्ही त्या रेषेबाहेर. उजनीहून येणारी नवी जलवाहिनी सुमारे 110 किलोमीटरची, क्षमता रोजची 170 दशलक्ष लिटर, ती अर्थात सगळ्या गावासाठी. तिचं महत्त्व नाकारणारा सोलापूरकर मला तरी भेटलेला नाही. चार-पाच दिवसांआड नळाकडे डोळे लावून बसणाऱ्याला ड्रेनेजपेक्षा पाणी आधी हवं असतं.

अमृत-2 बद्दल, म्हणजे शहरांच्या पाणी-मलनिस्सारणाच्या केंद्राच्या योजनेबद्दल विचारलं. एक ते दहा लाख वस्तीच्या गावांना केंद्राचा वाटा एक तृतीयांश. 2011 च्या जनगणनेत आम्ही साडेनऊ लाख, म्हणजे त्या गटात बसतो. पण तिथं शहरभराचे आराखडे चालतात, एका बोळाची लाइन सुटी जात नाही. शिवाय स्वहिस्सा घालावा लागतो, आणि गरीब गावाची खरी पंचाईत तीच. अनुदान मोठं मिळवायचं तर आपला वाटाही मोठा लागतो.

शेवटी वाट दाखवली एका कनिष्ठ अभियंत्यानं. चहाच्या टपरीवर म्हणाले, “काका, काम लहानच आहे हो, पण बसवायचं कुठल्या लेखाशीर्षात, म्हणजे अंदाजपत्रकातल्या कुठल्या खर्चाच्या खात्यात, ते सांगा. अर्जात ‘गटार दुरुस्ती’ लिहू नका. दुरुस्ती महसुली, म्हणजे चालू खर्चात जाते. ‘मलवाहिनी बदलणे’ लिहा, ते भांडवली.” आणि पंधराव्या वित्त आयोगाचं बघायला सांगितलं. 2021-26 च्या त्या अनुदानात आमच्यासारख्या शहरांना 40 टक्के अबंधित, 60 टक्के बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांवरच खर्चायचे. बंधितातला निम्मा भाग स्वच्छता-घनकचऱ्याचा, निम्मा पाण्याचा. आमचं काम स्वच्छतेच्या निम्म्यात बसत होतं. इतके दिवस आम्ही दुर्गंधी, डास, आजारी पोरं असलं सगळं पोटतिडकीनं लिहीत होतो. ते खोटं नव्हतंच, पण पोटतिडकीला लेखाशीर्ष नसतं.

नवा अर्ज एका पानाचा केला. लाइनची लांबी, व्यास, चेंबर किती, घरं किती, खालच्या मुख्य वाहिनीला जोड कुठं. मार्च 2022 पासून महापालिकेवर तेव्हा प्रशासक होता, निवडून आलेले नगरसेवक नव्हते, त्यामुळे नगरसेवकाच्या दारात जायचा प्रश्न नव्हता. सोय म्हणा, गैरसोय म्हणा. पूर्वी नगरसेवक निदान शिव्या खायला तरी समोर असायचा. पुढे जागेची मोजणी, दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मंजुरी, निविदा, कार्यादेश. हा भाग ऐकायला लांबलचक, पण एकदा शीर्ष ठरल्यावर फाइल आपल्या पायानं चालली.

भांडण झालं ते चाळीतच. तरुण पोरांना आधी काँक्रीट रस्ता हवा होता, गणपतीच्या आत. म्हातारे म्हणत, आधी खालचं. रस्ता करून पुन्हा फोडायचा का, यावर दोन बैठका तापल्या. पाण्याची लाइनही जुनीच आहे, ती बदलायची तर तीही काँक्रीटच्या आधीच. अखेर पोरांनी ऐकलं, कुरकुरत.

आता ड्रेनेज नवं आहे, वर मुरूम टाकलाय, पावसात चिखल होतो. पाण्याच्या लाइनचा अर्ज बंधित निधीच्या दुसऱ्या निम्म्यातून दिलाय, दिवाळीच्या आधीच, कारण पुढच्या वर्षाच्या मागण्या खात्याखात्यांतून लेखा विभागाकडे जायला त्या सुमारास सुरुवात होते. पलीकडच्या चाळीतले दोघं आले होते, त्यांना सिटी सर्व्हेच्या अर्जाचा नमुना दिला. त्यांच्या बोळाची नोंद मात्र ‘खाजगी’ लागलीय, त्यामुळे त्यांना आधी तिथूनच सुरुवात करावी लागणार.