टीव्हीवर बर्फ गार लागत नाही

सोलापुरात बर्फ म्हणलं की एक तर गोळा नाहीतर रसवंतीवाला पोत्यात गुंडाळून ठेवतो तो. त्यामुळं मला फिगर स्केटिंगचं, म्हणजे पात्याचे बूट घालून बर्फावर नाचायच्या खेळाचं, वेड कुठनं लागलं हे घरात कुणालाच कळलेलं नाही. मे महिन्यात पारा ४४ ला टेकलेला, पंखा पाचवर, ताटात कडक भाकरी आणि शेंगाचटणी, आणि मोबाईलवर जपानचा युझुरु हान्यू. २०१४ च्या ऑलिम्पिकला गोल्ड मिळवलं त्या फेरीत तो दोनदा पडला होता, आणि तो व्हिडिओ आमच्याकडं इतक्यांदा चालतो की आई आता आधीच सांगते, "बघ, आता पडंल."

मागच्या वर्षी टोरांटोला भाचीकडं गेलो तेव्हा तिनं आइस शोचं तिकीट काढून दिलं. स्पर्धा नव्हे, शो. तिच्या सासूबाईंसाठी नेलेली सोलापुरी चादर तेव्हा पिशवीतच होती, आणि पंधरा मिनिटांत ती माझ्या अंगावर होती, कारण आत इतकं गार असतं हे टीव्ही कधी सांगतच नाही. भाची म्हणाली, "मामा, लोक बघतायत." बघू दे की.

पण खरी गंमत आवाजाची. टीव्हीवर म्युझिक असतं आणि बडबड असते, इथं म्युझिक हळू झालं की पात्याचा आवाज येतो, आपल्या नवी पेठेत दुकानदार ताग्यातनं कापड टर्रकन फाडतो ना, अगदी तसा, आणि मग उडी, आणि मग एकदम काहीच नाही, आणि मग टक्. पाऊण सेकंदाच्या आत सगळं आटपतं. तीन गिरक्या होत्या का चार, सिद्धरामेश्वरालाच ठाऊक. घरी स्लो मोशनमध्ये बोटावर मोजतो मी, अमेरिकेच्या इल्या मॅलिनिननं २०२२ मध्ये पहिल्यांदा क्वाड अ‍ॅक्सल ही उडी मारली तेव्हाच्या साडेचार गिरक्यासुद्धा मोजल्या होत्या (अ‍ॅक्सल समोर तोंड करून मारतात म्हणून ती अर्धी जास्तीची). इथं मोजणं सोडाच, कोणती उडी होती तेही कळलं नाही. सांगायला कोणीच नाही, रिप्ले नाही, आणि पुढच्या रांगेतला बाबा ऐन वेळी उभा राहायचा.

मग कळलं काय म्हणाल तर स्पीड. कॅमेरा खेळाडूच्या मागं मागं फिरतो आणि त्याला मधोमध धरून ठेवतो, त्यामुळं तो जागच्या जागीच नाचतोय असं वाटतं. इकडं एक पोरगी मागच्या मागं, उलटी, अशी सुसाट आली की आता कठड्यावर आदळणार म्हणून मी पाय वर घेतले. खरंच घेतले. दहा वर्षं बघून मला ही मंडळी इतकी जोरात पळतात हे माहीतच नव्हतं! आणि बॅकफ्लिप, म्हणजे हवेत उलटी कोलांटी. स्पर्धेत १९७६ नंतर बंदी होती, २०२४ मध्ये उठली, पण शोमध्ये पहिल्यापासून मारतात. ते मोबाईलवर सर्कस वाटायचं, तिथं माझ्या घशाला कोरड पडली.

चेहरे मात्र काही दिसले नाहीत. रडले, हसले, काय माहीत. त्यासाठी टीव्हीच बरा, हे मान्य.

घरी येऊन आईला मी काढलेला व्हिडिओ दाखवला. अंधार, आणि मधे एक पांढरा ठिपका. "एवढ्यासाठी विमानानं गेलतास व्हय?" एवढंच म्हणाली.

जानेवारीत सिद्धरामेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला मी दरवर्षीसारखा कोपऱ्यावर उभा होतो. सातही नंदीध्वज, म्हणजे त्या उंचच उंच काठ्या, समोरनं चाललेले, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, काठी जराशी झुकली की सगळ्या गर्दीचा श्वास अडकतो आणि आपलाही. गुडघ्यामुळं आई आता घरीच केबलवर बघते. मला काय सुचलं, तिला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन डोक्यावर धरून ओरडलो, "आई, दिसतंय का?"

"तुझं डोस्कं दिसायलंय. ठेव फोन, टीव्हीवर छान दाखवलालेत."