ए लेव्हलला मार खाल्लेल्यांचे अर्ज

रविवार, रात्री

लंडनच्या मोठ्या वकिली फर्मांच्या ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टच्या, म्हणजे सॉलिसिटर (वकील) होण्यासाठीच्या दोन वर्षांच्या उमेदवारीच्या अर्जात धडकी भरवणारा रकाना एकच, ए लेव्हलचा, म्हणजे तिथल्या बारावीच्या तोडीच्या परीक्षेचा. पदवीला टू-वन (वरचा दुसरा वर्ग) मिळो की फर्स्ट, अठराव्या वर्षीचे ते तीन ग्रेड पाठ सोडत नाहीत. बऱ्याच ठिकाणी एएबी किंवा एबीबी मागतात. यूकास या विद्यापीठ-प्रवेश संस्थेच्या हिशेबात ए म्हणजे 48 गुण, बी 40, सी 32. म्हणजे एएबीचे 136, तर बीसीसीचे 104. जिथे संगणकच चाळणी लावतो, तिथे या 32 गुणांपायी अर्ज कोणी उघडतही नाही. मग पत्र कितीही घासूनपुसून लिहा.

म्हणून आधी चाळणी कुठे आहे ते बघायचं. फर्मच्या पानावर ‘किमान अट’ लिहिलंय की ‘साधारण अपेक्षा’, यात जमीन-अस्मानाचा फरक. शंका असली तर भरती विभागाला चार ओळींची ईमेल टाकावी: ग्रेड हे, पदवीचे गुण हे, अर्ज माणूस वाचतो का? संकोच कसला? उत्तर ‘नाही’ आलं तरी एक संध्याकाळ वाचते.

काही फर्मा रेअर या कंपनीची कॉन्टेक्स्च्युअल, म्हणजे परिस्थिती लक्षात घेणारी पद्धत वापरतात. त्यात तुमचे ग्रेड तुमच्याच शाळेच्या सरासरीशी ताडून बघतात. जिथे बहुतेकांना सी-डी मिळतात, तिथला बी वजनदार ठरतो. पण त्यासाठी शाळेचं नाव, तेव्हाचा पोस्टकोड, शाळेत मोफत जेवण मिळायचं का, हे सगळं भरावं लागतं. आपली मंडळी नेमकं हेच ‘कशाला सांगायचं’ म्हणून कोरं सोडतात. कोऱ्या रकान्याला यंत्र काय वजन देणार?

आता कारणांची चौकट, म्हणजे ग्रेड का घसरले ते सांगायची अर्जातली जागा. सगळ्यात जास्त वाया जाते ती हीच. ‘त्या काळात घरची परिस्थिती अत्यंत कठीण होती, तरीही मी जिद्द सोडली नाही’ यातून वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी: ‘फेब्रुवारी ते मे वडील रुग्णालयात, परीक्षा मे-जूनमध्ये. शाळेचं पत्र उपलब्ध. त्याआधी जीसीएसईला (दहावीसारखी परीक्षा) सात विषयांत 9 पैकी 7 किंवा वर. पदवीच्या दुसऱ्या वर्षी कॉन्ट्रॅक्ट लॉमध्ये 68.’ काय झालं, कधी झालं, पुरावा काय, आधी-नंतर काय. बस. खरं कारण नसेल तर चौकट रिकामीच बरी; ओढूनताणून आणलेलं दुखणं लगेच कळतं.

ग्रेड वाढवून लिहिणं तर सोडाच. प्रमाणपत्रं पुढे मागतातच. शिवाय नियामक संस्था, म्हणजे एसआरए, सॉलिसिटर म्हणून नोंदवण्याआधी चारित्र्य तपासते. सी धुऊन निघतो, अप्रामाणिकपणा नाही निघत. फेरपरीक्षा दिली असेल आणि पहिल्या प्रयत्नाचे गुण मागितले असतील, तर तेच लिहायचे.

महाराष्ट्र बोर्डाची बारावी असलेल्यांनी टक्के आहेत तसेच लिहावेत. ‘72 टक्के म्हणजे एबीबी’ असं गणित घरी मांडू नये. ताडून बघणं फर्मचं काम.

खरं सांगायचं तर, ग्रेड कच्चे असतील तर सगळा जीव मोठ्या फर्मांत अडकवणं मला पटत नाही. 2021 पासून एसक्यूई, म्हणजे सॉलिसिटर होण्याची सामाईक परीक्षा आली. पहिल्या टप्प्यात दोन पेपर, प्रत्येकी 180 प्रश्न. दुसऱ्यात 16 कामं, त्यातली 4 तोंडी. सोबत पूर्णवेळ दोन वर्षांइतका पात्र अनुभव, जास्तीत जास्त चार ठिकाणी मिळून. पॅरालीगलची (वकिलाच्या मदतनिसाची) नोकरी चालते, विद्यापीठाचं लॉ क्लिनिक, म्हणजे मोफत कायदा सल्ला केंद्रही चालतं. एसक्यूईला ए लेव्हलचे ग्रेड कोणी विचारत नाही. मात्र दोन्ही टप्प्यांची फी मिळून पाच हजार पौंडांच्या घरात जाते आणि क्लासचा खर्च वेगळा. मोठ्या फर्मा तो उचलतात, इथे तो खिशातून.

घरखरेदी, कौटुंबिक, इमिग्रेशन असली कामं करणाऱ्या छोट्या फर्मा थेट सीव्ही घेतात. हॅरो किंवा लेस्टरला हिंदी-गुजराती येत असेल तर ते सीव्हीत वरच लिहावं. आणि तिथे लागलात की फाइलींची नोंद पहिल्या आठवड्यापासून ठेवा: काम कोणतं, कोणती कौशल्यं लागली, देखरेख कोणाची. अनुभवाची खात्री इंग्लंड-वेल्सच्या सॉलिसिटरने किंवा फर्मच्या नियमपालन अधिकाऱ्याने द्यावी लागते. ती नोकरी सोडण्याआधीच उरकावी. काम पाहिलेला सॉलिसिटर दुसरीकडे गेला की नंतर ईमेलच्या उत्तराची वाट बघत बसावं लागतं.