ग्रहणाचा वरवंटा: पट्टणकोडोली, इचलकरंजी, रेंदाळ

माझी फाईल तयार होती, हे आधी सांगते, कारण सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

मी पुण्यात ग्राफिक डिझाइनचं काम करते आणि गेली दोन वर्षं घरी लहानशा चौकटीच्या मागावर वेडंवाकडं विणते. आजोबांचं एक काळं घोंगडं घरात आहे. त्यावर झोपून गच्चीवरून बघितलेलं चंद्रग्रहण डोक्यात होतं. पांढऱ्या सुती कापडावर एकच मोठं काळं वर्तुळ, एवढंच डिझाइन. ते जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणून घ्यायचं आणि काळा भाग शक्य झाल्यास घोंगड्याच्या खऱ्या लोकरीत काढायचा, असा बेत. मावसभाऊ इचलकरंजीत यंत्रमागवाला, म्हणून तीन दिवसांची सुट्टी टाकली आणि फेब्रुवारीत रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने निघाले.

कोल्हापूर स्टेशनवर सकाळी उतरलं की लगेच गावोगाव पळू नका. कोटीतीर्थाजवळ शाहू मिलची जागा आहे, ती बाहेरून का होईना बघा. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली ही कापडगिरणी उभी केली, २००३ मध्ये ती बंद पडली. माझे वडील अजून सांगतात की त्यांच्या लहानपणी घरातली घड्याळं मिलच्या भोंग्यावर लावायचे. मिसळीबद्दल काही लिहीत नाही, त्यावर लोकांनी आधीच बरीच भांडणं केली आहेत.

पहिला दिवस पट्टणकोडोलीचा. हुपरीकडे जाणाऱ्या एसटीने उतरता येतं. हे विठ्ठल-बिरदेवाचं गाव. आश्विनातल्या यात्रेत भंडाऱ्याने सगळा गाव पिवळा होतो. यात्रा बघायची तर तेव्हा जा, पण माग बघायचा असेल तर अजिबात जाऊ नका, त्या दिवसांत विणायला कुणाला फुरसत नसते. पावसाळाही टाळा. त्याचं कारण मला तिथे गेल्यावर कळलं.

घोंगड्याचा माग खड्ड्यात असतो. विणणारे मामा जमिनीच्या पातळीवर बसलेले, पाय खाली खड्ड्यात पावड्यांवर. दख्खनी मेंढीची लोकर धनगर कातरतात, बायका रहाटावर सूत काढतात, आणि विणण्याचं काम परंपरेने सणगरांचं. पण मामांना माग दाखवण्यापेक्षा खळ दाखवण्यात जास्त रस होता. चिंचोके भिजवून, कुटून, शिजवून केलेली ती चिकट खळ. घराबाहेर ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, लांबच्या लांब ताणून बांधायचा आणि कुंच्याने ती खळ एका दिशेने फिरवायची, म्हणजे लोकरीचे उभे राहिलेले केस धाग्याला चिकटून बसतात. तसं केलं नाही तर शेजारचे दोन धागे एकमेकांत अडकतात आणि माग चालतच नाही. आता हे सगळं उन्हात वाळायला हवं. पावसाळ्यात ते कुठलं वाळायला!

मी विचारलं, विणायला किती वेळ लागतो? मामा म्हणाले, "इणायचं काय नव्हं ताई. इणणं कडंला येतंय पटाक्यानं. त्याच्या आदीचंच लई हाय."

वाक्य वहीत लिहून ठेवलं, पण त्याचा अर्थ दुसऱ्या दिवशी लागला.

घोंगडं घ्यायचं असेल तर थोडं सांगते. हातसुताचं घोंगडं टोचतं आणि त्याला मेंढरांचा वास असतो. दोन्हींपैकी काहीच नसेल तर संशय घ्या. कडेचा एक धागा मागून घ्या आणि पेटवा: लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि बोटात चुरडली की राख होते. कृत्रिम धागा वितळून त्याचा टणक मणी होतो. घरी आणल्यावर गरम पाण्यात घालू नका, आटतं. घडीत कडुलिंबाचा पाला ठेवा. भाव करायला हरकत नाही असं काही जण म्हणतात. मला ती खळ बघितल्यावर तोंड उघडवलं नाही. मी घोंगड्याबरोबर हातसुताच्या चार लडीही घेतल्या. पुढचे दोन दिवस माझ्या सॅकशेजारी एसटीत कुणी फारसं बसलं नाही.

मुक्काम इचलकरंजीत दादाकडे. कोल्हापूरपासून हे सुमारे ३० किलोमीटर. रेल्वेने थेट इकडेच यायचं असेल तर हातकणंगले स्टेशन जवळ पडतं. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग आणला, संस्थानचे घोरपडे सरकार पाठीशी होते. आज कुठल्याही गल्लीत शिरा, खडखडाट आधी येतो आणि घर मागून. दादा खर्चीवाला आहे, म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, माग याचे, आणि कमाई पिकावर. आडवा धागा एकदा गेला की एक पीक. त्याचे साधे माग, धोट्याचे. मिनिटाला सवाशे-दीडशे पीक. तिथे माझ्या डिझाइनला वाव नव्हता, म्हणून तो मला त्याच्या मित्राच्या कारखान्यात घेऊन गेला. तिथे रेपियर मागांवर, म्हणजे धोट्याऐवजी चिमट्याने आडवा धागा नेणाऱ्या मागांवर, इलेक्ट्रॉनिक जेकार्ड बसवलेलं आहे.

जेकार्ड म्हणजे काय ते दोन ओळींत सांगते. कापड विणताना प्रत्येक पिकाला प्रश्न एकच असतो: कुठले उभे धागे वर, कुठले खाली. खड्डामागावर हे दोन पावड्या ठरवतात, म्हणून साधी वीण निघते. जोसेफ जाकारने १८०४ मध्ये भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांनी हे ठरवायची युक्ती काढली: भोक असेल तर हुक आणि त्याला बांधलेला उभा धागा वर, नसेल तर खाली. या कारखान्याच्या माळ्यावर जुन्या कार्डांची एक जाडजूड माळ अजून पडून आहे, वर कबुतरांची वस्ती. आता कार्डाच्या जागी फाईल आणि भोकाच्या जागी विद्युतचुंबक. पण हुक तेच, आणि प्रश्नही तोच.

मालकांनी माझा पेनड्राइव्ह घेतला. आत फाईल जेपीजी. पहिला ओरडा तिथे. जेपीजीमध्ये काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर शेकडो करडे रंग लपलेले असतात आणि मागाला करडा कळत नाही. मोजके रंग ठेवून बीएमपी न्यावी. मग डिझाइनर पोराने काळ्या भागाला एक वीण दिली, पांढऱ्याला दुसरी, दोन्ही आठाच्या सॅटिनच्या, म्हणजे दर आठ धाग्यांत एकदा अडकणाऱ्या. नुसता काळा रंग भरून चालत नाही, नाहीतर काळा धागा सहा इंच कुठेही न अडकता वरून लोंबकळत राहील आणि पहिल्याच नखात येईल.

माग सुरू झाला. मिनिटाला अडीचशे पीक, म्हणजे मिनिटाला चार इंच कापड. मी कानात कापूस घालून वाकून बघत होते. वर्तुळाचा खालचा कंस आला, सुंदर. मग बाजू वर चढायला लागल्या. आणि चढतच राहिल्या. साडेपाच इंचांना अर्धं वर्तुळ! सहा इंच रुंद आणि सव्वाअकरा इंच उंच असा एक काळा, गुळगुळीत वरवंटा कापडावर उभा राहिला. तोही एक नव्हे, शेजारी शेजारी दोन.

मालक हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. माग दुरुस्त करणारा जॉबर मात्र मागाच्या पलीकडे जाऊन हसला.

झालं होतं असं. या मागावर इंचाला ११२ उभे धागे आणि ६० पीक. मी पडद्यावर ६७२ बाय ६७२ चौकोनांचं वर्तुळ काढलं होतं. पडद्यावरचा चौकोन चौकोनी असतो, मागावरचा नसतो. ६७२ धागे म्हणजे बरोबर सहा इंच, पण ६७२ पीक म्हणजे ११.२ इंच. उंचीला ३६० ओळीच हव्या होत्या. पंधरा वर्षं डिझाइन करतेय मी, आणि हे विचारायचं मला सुचलं नाही. दोन वरवंट्यांचं कारणही साधं: जेकार्डला २,६८८ हुक, ते ११२ धाग्यांनी भागले की २४ इंच. कापड ४८ इंची, म्हणजे प्रत्येक हुकाला दोन धागे बांधलेले आणि डिझाइन दोनदा. एकच वर्तुळ हवं असेल तर कापड फाडा किंवा दुसरा माग शोधा.

तेव्हा तुम्ही जाणार असाल तर फाईल बनवण्यापूर्वी फोन करून चारच गोष्टी विचारा: बीमवर (उभे धागे गुंडाळलेल्या रुळावर) सध्या कुठलं सूत आहे, इंचाला धागे किती, पीक किती, आणि हुक किती. तुमच्या नमुन्यासाठी कुणी बीम बदलणार नाही. हजारो धागे वहिफणीतून एकेक ओवलेले असतात. आहे त्या ताण्यावरच तुमचं डिझाइन बसवायचं. कोडोलीचे मामा जे म्हणाले ते हेच होतं.

लोकरीचं विचारायला मी विसरले नव्हते. लडी काढून दाखवली. मालकांनी धागा दोन बोटांत फिरवला, एका जागी जाड, एका जागी बारीक. "हे रेपियरचा चिमटा धरत नाही. आणि धरलं तरी याचे केस माझ्या मशीनभर होतील." विषय संपला. दुरुस्त फाईल तिथेच बनवून दिली, पण मागावर गिऱ्हाइकाचा माल चढायचा होता, त्यामुळे दुसरा नमुना सवडीने विणून पाठवतो म्हणाले.

कारखान्यात जाताना ओढणी आणि मोकळे केस नकोत, हे गांभीर्याने घ्या. फोटो विचारून काढा: चालू मागावर दुसऱ्याचं डिझाइन असू शकतं. सुट्टीचा वार आधी विचारा. आणि वस्त्रविद्येचे विद्यार्थी असाल तर डीकेटीई बघायला पत्र पाठवून परवानगी काढा. १९८२ साली सुरू झालेली ही संस्था घोरपडे सरकारांच्या जुन्या राजवाड्यात भरते. मला वेळ झाला नाही, राजवाडा बाहेरूनच बघितला.

तिसरा दिवस बेतात नव्हता. दादाची बायको म्हणाली, "वन्सं, रेंदाळला जाऊन बघा की. तिथं हातमाग हाईत अजून थोडं." रेंदाळ हुपरीला लागून. एकेकाळी इथे घरोघरी हातमाग होते, आता शोधावे लागतात. दुपारी बारा-साडेबाराच्या आत पोचा आणि पत्ता विचारताना "माग" नुसतं म्हणू नका, लोक यंत्रमागाकडे पाठवतात. "हातमाग" म्हणा.

आजोबा सत्तरीचे असावेत. "आलासा? बसा की, च्या घ्या," एवढं बोलून परत मागावर. माझी लोकर बघून त्यांनी काही विचारलं नाही, आजींना हाक मारली. आजींनी चरख्यावर तिची कांडी भरली. वर्तुळ कसं काढायचं म्हणून मी लॅपटॉप उघडायला लागले, तर आजोबांनी वहीचा कागद मागितला. त्यावर मी पेल्याने गोल काढला. तो कागद त्यांनी ताण्याखाली धरून टाचला, आणि प्रत्येक सुती पिकानंतर गोलाच्या आतल्या धाग्यांमधून लोकर बोटांनी ओवायला सुरुवात केली. खाली कागद दिसतोय तिथपर्यंत लोकर न्यायची, परत फिरायची, फणी हळू मारायची. इंचाला धागे किती, पीक किती, काही नाही. गोल गोलच येत होता, कारण कागद कापडाएवढाच होता.

फक्त वेळ. पहिल्या इंचालाच पाऊण तास. माझी परतीची गाडी संध्याकाळची. चार वाजता निम्मा गोल झाला होता आणि मला उठावंच लागलं. रेंदाळने मला अक्षरशः अर्धचंद्र दिला, असं म्हटल्यावर आजोबा पहिल्यांदा हसले. कापड त्यांनी तिथेच कापून हातात ठेवलं.

पैशांचं बोलायला लाजू नका, पण इंचावर बोलू नका. तुमच्या हौसेपायी त्यांचं नेहमीचं विणणं थांबतं. दिवसाची मजुरी आधी विचारा आणि पूर्ण दिवसाची द्या, अर्धाच दिवस बसलात तरी. आणि माझ्यासारखं शेवटच्या दिवशी जाऊ नका. इचलकरंजीच्या कारखान्याआधी रेंदाळला गेले असते तर पूर्ण चंद्र घेऊन आले असते.

पंधरा दिवसांनी इचलकरंजीहून पार्सल आलं. दोन गोल, अगदी गोल. खिडकीत धरून बघितलं तर डाव्या गोलातून वरपासून खालपर्यंत केसाएवढी पांढरी रेघ गेलेली. उजव्यातूनही, बरोबर त्याच जागी. दादाला फोन केला.

"एक हुक अडकला होता," तो म्हणाला. "दोन्हीकडे तोच हुक, म्हणून दोन्हीकडे रेघ. परत मारून देऊ का?"

मी नको म्हटलं.

"मग वरवंट्याचा तुकडा इकडंच राहिलाय, त्याचं काय करू?"

तो आता त्याच्या मोटरसायकलच्या सीटवर आहे.