असं लिहिलं तरी काय होतं?

माझी एक नोकरी ब्लॉगमुळे गेली हे कळलं की समोरचा माणूस आधी "अरेरे" म्हणतो आणि मग खुर्ची जराशी पुढे ओढतो. "पण असं लिहिलं तरी काय होतं तुम्ही?" हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की विचारणाऱ्याच्या आवाजावरून त्याला काय हवंय तेही कळतं. काहींना कंपनीची अंडीपिल्ली हवी असतात, काहींना माझी. दोघांच्याही पदरी निराशा येते. परवा मात्र एका मुलीने "मीही लिहिते, आणि मला भीती वाटते" असं म्हणून विचारलं, तेव्हा एकदा नीट सांगून टाकते.

त्या वर्षी माझा घटस्फोट चालू होता आणि मी त्याबद्दल लिहीत होते. खरं तर घटस्फोटाबद्दलही नाही, तो चालू असताना माणूस सकाळी उठून काय काय करतो त्याबद्दल. झोप न येण्याबद्दल. एक कपाट कुणाच्या वाट्याला जावं यावर आम्हा दोघांत तीन आठवडे चाललेल्या पत्रव्यवहाराबद्दल. (कपाट शेवटी दोघांनाही नको होतं.) नवऱ्याचं नाव कुठे नव्हतं, माझं आडनाव नव्हतं, कंपनीचं नाव तर नव्हतंच. मराठीत लिहायचे, रात्री अकराच्या पुढे. वाचणारे शंभर-सव्वाशे असतील, त्यातले बरेचसे माझ्यासारखेच जागे.

ब्लॉगला वाचकांची मोजणी लावलेली होती. तेव्हाच्या मोजण्या फार बोलक्या असायच्या. कोण कुठल्या नेटवर्कवरून आलं, काय शोधत आलं, किती पानं उघडली, सगळं दिसायचं. एका मंगळवारी दुपारी दोन चाळीसला कुणीतरी आलं आणि संध्याकाळपर्यंत ६३ पानं वाचून गेलं. मला मनातून उकळ्या फुटल्या. पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत एका बैठकीत वाचणारा वाचक! घरी जाऊन मी तो आकडा पुन्हा पाहिला. नेटवर्कचं नाव ओळखीचं नव्हतं. आमच्या ऑफिसची जोडणी मूळ कंपनीच्या नावावर होती, हे मला दहा दिवसांनी कळलं.

दहा दिवसांनी मला बैठकीच्या खोलीत बोलावलं. एचआरच्या बाई होत्या, माझे साहेब होते आणि टेबलावर प्रिंटआउटचा गठ्ठा होता. प्रत्येक पानाच्या तळाशी तारीख आणि पानाचा क्रमांक, मधल्या काही ओळी पिवळ्या मार्करने रंगवलेल्या. दोघांनाही मराठी येत नव्हतं. त्यामुळे रंगवलेल्या प्रत्येक ओळीसमोर समासात निळ्या पेनाने तिचा इंग्रजी अर्थ लिहिलेला होता.

अर्थ मी नंतर वाचला. आधी अक्षर ओळखलं. इंग्रजी 'जी'ची शेपटी डावीकडे लांब ओढायची ती सवय मला पाठ होती. दीड वर्ष शेजारच्या टेबलावरून त्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या यायच्या, "निघायचं का?" म्हणून.

पान १७ वर 'दुःख' या शब्दातला विसर्ग राहून गेला होता. नोकरी जात असताना माणसाचं मन कुठे अडकतं बघा. मला तिथल्या तिथे पेन मागून तो द्यावासा वाटला.

रंगवलेल्या ओळींपैकी एक होती: "आजचा दिवस ढकलला." समासात तिचा अर्थ असा लावला होता, की आज ऑफिसात काही काम केलं नाही. आता दिवस ढकलणं म्हणजे काय, हे ज्याने कधी तो ढकललाय त्याला सांगावं लागत नाही. दगड ढकलायला लागते तेवढीच ताकद लागते, आणि संध्याकाळी दगड कुठे गेला तेही दिसत नाही. त्याच दिवशी मी तिमाहीचे हिशेब जुळवून दिले होते, वेळेच्या आत. मी 'ढकलणे' समजावून सांगायला लागले तर साहेब म्हणाले, "म्हणजे काम दुसऱ्यावर ढकललंत?" मी गप्प बसले. रात्री अकराला स्वतःशी बोलल्यासारखं लिहिलेलं वाक्य दुपारी तीन वाजता टेबलावर आलं की ते जबानी होतं. शब्द तेच असतात, पण ते बोलणारी बाई आता आरोपी असते.

त्या सगळ्या गठ्ठ्यात कंपनीतल्या कुणावर म्हणून लिहिलेली एकच ओळ होती. हसताना ज्यांचे डोळे घड्याळाकडे असतात अशा माणसांबद्दलची. ती साहेबांवर होती, आणि ऑफिसातल्या कुणालाही ते सहज कळलं असतं. ती ओळ कोरी होती. मार्कर नाही, अर्थ नाही. जिने बाकी सगळं भाषांतर करून दिलं तिने तेवढी मुद्दाम सोडली, की तिच्या लक्षातच आली नाही? यावर मी इतकी वर्षं अधूनमधून विचार करते, आणि विचार करायचा दिवस असेल त्याप्रमाणे माझं उत्तर बदलतं.

आणि मग ती ओळ आली, जिच्यापुढे मला बोलायला तोंडच नव्हतं. एका गुरुवारी मी ताप आल्याचं कळवून रजा घेतली होती. त्या रात्री ब्लॉगवर लिहिलं होतं, की आज दिवसभर वकिलांच्या कचेरीबाहेरच्या बाकावर बसून होते, आणि त्या बाकाचा एक पाय आखूड आहे. आखूड पायावर मी चांगला परिच्छेदभर लिहिलं होतं. एचआरच्या बाईंनी रजेचा अर्ज आणि ते पान शेजारी शेजारी ठेवलं. तारीख तीच.

म्हणजे लोक समजतात त्याच्या हे नेमकं उलटं आहे. ब्लॉगवर मी काही भलतंसलतं लिहिलं नव्हतं. ब्लॉगवर खरं लिहिलं होतं, खोटं ऑफिसात बोलले होते. ताप आलाय म्हटलं की रजा मिळते. संसार मोडतोय म्हटल्यावर मिळाली असती का, कोण जाणे. मागायची हिंमत मी केली नाही, एवढं खरं. पत्रात पुढे 'वर्तन' आणि 'विश्वासाला तडा' हे शब्द आले, 'ब्लॉग' हा शब्द एकदाही नाही. तेव्हा काटेकोर बोलायचं तर माझी नोकरी एका खोट्या रजेमुळे गेली. पण एका खोट्या रजेला समज देतात, फार तर पगार कापतात. त्यासाठी ६३ पानं छापत नाहीत. कारण त्यांना रजेने दिलं, इच्छा ब्लॉगने.

घरी बसल्यावर मी माझ्यासारख्यांना शोधत बसले, दुसरं काय करणार. इंग्रजीत तर यासाठी शब्दच आहे, 'डूस्ड'. हेदर आर्मस्ट्राँग ही अमेरिकन बाई २००१ पासून 'डूस' नावाचा ब्लॉग लिहायची. त्यात ऑफिसातल्या माणसांवरही खुसखुशीत लिहिलेलं असायचं. ते वरिष्ठांपर्यंत पोचलं, २००२ मध्ये तिची नोकरी गेली आणि तिच्या ब्लॉगचं नाव क्रियापद होऊन बसलं. पुढे त्याच ब्लॉगवर तिचं घर चालू लागलं. ती २०२३ मध्ये, ४७ व्या वर्षी गेली. मी त्या दिवशी तिची जुनी पानं वाचत बसले होते. एलन सिमोनेटी ही हवाईसेविका. आई गेल्यानंतर मन मोकळं करायला म्हणून तिने २००४ च्या सुरुवातीला लिहायला घेतलं, आणि गणवेशातले स्वतःचे फोटो टाकले म्हणून त्याच वर्षी तिला काढलं.

मला सगळ्यात जवळची वाटली ती कॅथरीन सँडरसन. पॅरिसमधल्या एका ब्रिटिश हिशेबनिसांच्या फर्ममध्ये सेक्रेटरी, लेकुरवाळी, 'पेतित आंग्लेज' या टोपणनावाने आपल्या आयुष्याबद्दल लिहिणारी. स्वतःचं नाव नाही, फर्मचं नाव नाही. तरी २००६ मध्ये तिला काढलं. फोटोवरून ती ओळखू येते आणि तिच्यावरून आम्ही, असं फर्मचं म्हणणं. ऑफिसच्या वेळात लिहिते हाही आक्षेप होता. ती कामगार न्यायालयात गेली. फ्रान्सच्या कायद्यात माणसाला कामावरून काढायला 'खरं आणि गंभीर' कारण लागतं. २००७ मध्ये न्यायालयाने ते इथे नाही असं ठरवलं आणि तिला ४४,००० युरोंची भरपाई मिळाली. हा निकाल मी तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा माझा तो आखूड पायाचा बाक आठवला. मी कुठल्याच न्यायालयात गेले नाही.

गेले असते तरी काय झालं असतं, ते जागेवर अवलंबून. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी खासगी मालक कारण न देताही काढू शकतो. तिथल्या घटनेतलं भाषणस्वातंत्र्य सरकारचे हात बांधतं, मालकाचे नाही. युरोपात वारं वेगळं. बोग्दान बर्बुलेस्कू या रोमानियन अभियंत्याला २००७ मध्ये कामाच्या मेसेंजरवरून भावाशी आणि होणाऱ्या बायकोशी बोलला म्हणून काढलं होतं. दहा वर्षांनी, २०१७ मध्ये, युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ११ विरुद्ध ६ मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. मालकाच्या नियमांनी कामाच्या जागी माणसाचं खासगी आयुष्य शून्यावर आणता येत नाही, असं त्यात म्हटलंय. वाचून बरं वाटलं. पण त्याची बोलणी दोघांतली होती. माझी जगाला उघडी होती, आणि ती मीच उघडी ठेवली होती. कुणी कुलूप तोडून आलं नव्हतं.

घाबरलेल्या त्या मुलीला मी एवढंच सांगितलं, की टोपणनाव म्हणजे पातळ पडदा, आखूड पायाच्या बाकासारखी एखादी खूण तो फाडायला पुरते. ऑफिसच्या यंत्रावर आणि ऑफिसच्या वेळात एक अक्षर लिहू नकोस. आणि रजेचं कारण एकतर खरं दे, नाहीतर 'वैयक्तिक' असं लिहून मोकळी हो. ती म्हणाली, "म्हणजे लिहीत राहू ना?" मी म्हटलं, ते मला विचारू नकोस, मी एका रात्रीत सगळं पुसलेली बाई आहे.

तेही सांगायला हवं. पण त्याआधी नवऱ्याचं. त्या ब्लॉगवर तक्रार करायचा खरा हक्क कुणाला असेल तर तो त्याला होता. आयुष्य त्याचंही होतं, आणि त्याला न विचारता मी ते सव्वाशे माणसांपुढे मांडत होते. कंपनीत इतका गदारोळ झाला, पण या एका मुद्द्याशी तिथे कुणालाच कर्तव्य नव्हतं. शेवटच्या सह्या करायला भेटलो तेव्हा मला कळलं की तो पहिल्यापासून वाचत होता. सही केली, पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाला, "कपाटाचं बरोबर लिहिलंयस." बस्स. मला तेव्हा इतकी लाज वाटली, जितकी त्या गठ्ठ्यापुढे वाटली नव्हती.

तर पुसण्याचं. बैठकीच्या खोलीतून घरी आले आणि त्याच रात्री ब्लॉग काढून टाकला. प्रत ठेवली नाही. असल्या वेळी कुणाला सुचतंय. पुढे वर्षभराने वेबॅक मशीनवर, म्हणजे जुनी वेबपानं जपून ठेवणाऱ्या संकेतस्थळावर, शोधलं, कारण इंटरनेटवरचं पुसलेलं खरोखर पुसलं जात नाही असं सगळे सांगतात. माझ्या फक्त १४ नोंदी सापडल्या, त्याही तुटक. बाकाची नव्हती, कपाटाचीही नव्हती.

म्हणजे त्या दीड वर्षाची पहिल्यापासून शेवटपर्यंतची प्रत जगात एकच आहे, आणि ती त्यांच्या फायलीत आहे, समासातल्या निळ्या अक्षरासकट. अशा फायली किती वर्षं ठेवतात? मागायला जावं असं दोनदा मनात आलं. एकदा तर अर्जही लिहून काढला. कारणाच्या रकान्याशी येऊन थांबले.